छत्तीसचा आकडा, भाग दुसरा

(वेंगुर्ल्यात वाचकांपुढे श्रावणातल्या एका संध्याकाळी दिलेलं व्याख्यान. लिहून काढताना थोडं संपादित केलं आहे.)

मंडळी, नमस्कार.

सिनेमाकडे जाण्याआधी मी तुम्हाला आमच्या गावच्या वस्तीच्या गाडीत बसवणार आहे. कुडाळहून सुटणारी शेवटची एसटी रात्री आमच्या गावात मुक्कामाला असायची आणि पहाटे परत निघायची. मी शाळेत असताना सलग दोन पावसाळे त्या गाडीवर एकच ड्रायव्हर आणि एकच कंडक्टर होते. ड्रायव्हर घाटावरचा, कोल्हापूरकडचा. बोलणं मोजकं, जेवण झालं की सीटवर आडवा. कंडक्टर आमच्यातलाच, मालवणी, तोंडाचा पट्टा अखंड चालू. कुणाकडे सोयरीक ठरली, कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, हे त्याला तिकीट फाडता फाडता कळायचं. पहिल्या पावसाळ्यात दोघांचं जराही पटत नव्हतं. ड्रायव्हरला गाडी वेळेवर हाकायची असायची, आणि हात दाखवत धावत येणारी म्हातारी दिसली की कंडक्टर घंटीची दोरी ओढायचा. 'गाडी तुझी, पण माणसां माझी!' असं तो मागून ओरडायचा, ते अजून माझ्या कानात आहे.

गावाच्या अलीकडे ओढ्यावर एक बुटका कॉजवे होता, कठडा नसलेला. जोराचा पाऊस झाला की घोटाभर पाणी त्याच्यावरून वाहायचं आणि कड दिसेनाशी व्हायची. मग कंडक्टर टॉर्च घेऊन उतरायचा, काठीने कड चाचपत पाण्यातून पुढे चालायचा, आणि गाडी त्याच्या मागून यायची. पहिल्या वर्षी ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून तीन-तीनदा विचारायचा, 'नक्की बघितलंस ना?' दुसऱ्या वर्षी त्याने विचारणं सोडलं. टॉर्चचा उजेड जिथे पडेल तिथे चाक. पलीकडे पोचले की दोघं पुन्हा भांडायला मोकळे: वेळेवरून, सुट्ट्या पैशांवरून, विडीच्या धुरावरून. भांडण तेच होतं, शब्दही बहुतेक तेच. पण मागच्या बाकावर बसून ते ऐकताना आम्हा मुलांना आता भीती वाटत नव्हती. उलट एखाद्या दिवशी भांडण ऐकू आलं नाही तर चुकल्यासारखं व्हायचं.

मला आज जे सांगायचं आहे ते त्या दुसऱ्या पावसाळ्याबद्दल आहे.

विजोड जोडीचा ॲक्शनपट म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. एक शिस्तीचा, एक बेबंद. एक संसारी, एक सडाफटिंग. एक पोलीस, एक चोर. कुठल्या तरी साहेबाच्या हुकमाने किंवा नशिबाने दोघं एका कामाला जुंपले जातात, एकमेकांना सोसत नाहीत, आणि शेवटी एकमेकांसाठी गोळी झेलायला तयार होतात. असा सिनेमा चालला की त्याचा दुसरा भाग येतो. त्या दुसऱ्या भागाकडे लोक जरा नाक मुरडूनच बघतात. पहिल्याची पुण्याई विकायला काढली, असं म्हणतात. मला मात्र या जातीच्या सिनेमात दुसरा भागच जास्त ओढून घेतो, आणि का ओढतो याचा मी बरीच वर्षं विचार करतो आहे.

न पटणाऱ्या दोघांत आपण छत्तीसचा आकडा आहे म्हणतो. हा वाक्प्रचार आपल्या लिपीतूनच आला. ३ आणि ६ शेजारी लिहून बघा: एकाचं तोंड एकीकडे, दुसऱ्याचं दुसरीकडे, पाठीला पाठ. उलटे लिहिले की ६३, समोरासमोर. आता विजोड जोडीच्या सिनेमातला तो प्रसंग आठवा, जो कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. चारी बाजूंनी शत्रू आलेत, दोघंच उरलेत. काय करतात ते? पाठीला पाठ लावून उभे राहतात. पुन्हा छत्तीस! जे एकाला दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं, म्हणून दोघं मिळून सगळीकडे बघू शकतात. आमचा ड्रायव्हर मागे काय चाललंय ते बघू शकत नव्हता आणि कंडक्टरला पुढचा रस्ता दिसत नव्हता. मधे फक्त एक दोरी आणि एक घंटी. एक टोल, थांब. दोन टोल, चल.

पहिला भाग छत्तीसचे त्रेसष्ट करतो. पाठ फिरवलेली दोन माणसं हळूहळू एकमेकांकडे तोंड करतात. त्यातच त्याची सगळी गंमत आणि सगळा ताण असतो. दुसऱ्या भागाला हा ताण फुकट मिळत नाही. आपल्याला माहीत आहे की यांची मैत्री झाली आहे. आणि त्रेसष्टवर थांबूनही चालत नाही, कारण एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेल्या दोघांना बाकीचं जग दिसत नाही. म्हणून चांगला दुसरा भाग त्यांना पुन्हा पाठ फिरवायला लावतो, या वेळी भरवशाने. रागाने फिरवलेली पाठ आणि विश्वासाने दिलेली पाठ कागदावर सारखीच दिसते. फरक कळायला मधला काळ लागतो. तो मधला काळ दुसऱ्या भागाच्या प्रेक्षकाकडे आयता असतो, पहिल्या भागाच्या प्रेक्षकाकडे नसतो.

या जोडीची मुळं जुनी आहेत. जपानमध्ये अकिरा कुरोसावा यांनी १९४९ साली एक पोलीसपट केला, 'स्ट्रे डॉग'. तरुण डिटेक्टिव्हचं पिस्तूल बसमध्ये चोरीला जातं आणि भर उन्हाळ्यात तो टोकियोभर ते शोधत फिरतो. तोशिरो मिफुने तो तरुण, धुमसणारा, अपराधी भावनेने पोखरलेला. त्याच्या जोडीला ताकाशी शिमुरा, अनुभवी, सावकाश, घामाने भिजलेला तरी शांत. दोन वयं, दोन तापमानं. त्याचा दुसरा भाग झाला नाही, पण पुढे जे झालं त्याचं बी तिथे आहे.

आणि एक उदाहरण असं आहे, ज्यावरून दुसरा भाग कशावर जगतो ते फार स्वच्छ दिसतं. १९६७ चा 'इन द हीट ऑफ द नाइट', नॉर्मन ज्युइसन यांचा. फिलाडेल्फियाचा काळा डिटेक्टिव्ह व्हर्जिल टिब्स, म्हणजे सिडनी पॉइटिये, मिसिसिपीतल्या एका गावात अडकतो. तिथला गोरा पोलीसप्रमुख गिलेस्पी, म्हणजे रॉड स्टायगर, आधी त्याला संशयित म्हणूनच समोर आणवतो आणि नंतर खुनाच्या तपासात त्याचीच मदत घ्यायला लाचार होतो. त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर याला मिळालं, अभिनयाचं स्टायगरना. शेवटी स्टेशनवर गिलेस्पी टिब्सची बॅग उचलून चालतो. एवढंच, दोघं मिठ्या मारत नाहीत. मग १९७० साली दुसरा भाग आला. त्यात टिब्स होता, पॉइटियेच होते, शहर सॅन फ्रान्सिस्को होतं, खून होता, तपास होता. गिलेस्पी नव्हता. निर्मात्यांना वाटलं असावं की लोकांना टिब्स आवडला. लोकांना त्या दोघांच्या मधली जागा आवडली होती. त्या स्टेशनवर जे मूकपणे घडलं त्याचं पुढे काय झालं, टिब्स पुन्हा त्या गावात उतरला असता तर गिलेस्पीने काय केलं असतं, हा प्रश्न माझ्या मनात आजही अर्धवट आहे. तो सिनेमा कुणी काढलाच नाही.

म्हणजे वारसा माणसाचा नसतो, जोडीचा असतो.

आता उलटी चूक. १९८२ साली वॉल्टर हिल यांचा '४८ अवर्स' आला. निक नोल्टी रांगडा पोलीस, आणि तुरुंगातून अठ्ठेचाळीस तासांसाठी बाहेर काढलेला कैदी एडी मर्फी. मर्फींचा तो पहिलाच सिनेमा. काळ्या-गोऱ्या जोडीचं पुढचं सगळं पीक या शेतातलं. आठ वर्षांनी, १९९० साली, दिग्दर्शक तोच, नट तेच, दुसरा भाग आला. आणि दोघं पुन्हा तेच भांडण पहिल्यापासून भांडायला लागले, जणू मधे काही घडलंच नव्हतं. बघताना मला फार वाईट वाटलं. आपण या दोघांना ओळखतो आणि ते मात्र एकमेकांना विसरलेत, असं ते दुःख होतं. गिलेस्पी वगळून जसं चालत नाही, तसं आठवण वगळूनही चालत नाही.

इथे मला दशावताराकडे वळावंसं वाटतं. तुमच्यासमोर त्याचं वर्णन करणं म्हणजे समुद्राला पाणी दाखवणं, पण माझ्या मुद्द्यापुरतं सांगतो. जत्रेत पालखी झाली की मध्यरात्रीनंतर खेळ सुरू होतो. संहिता लिहिलेली नाही. आख्यान ठरतं आणि नट रंगमंचावर उभ्या उभ्या संवाद रचतात. एक बाकडं, तेच सिंहासन, तोच डोंगर. आणि सुरुवातीला येतो संकासुर. काळा वेश, लोंबती लाल जीभ, वेद चोरणारा दैत्य, आणि बोलतो मात्र तुमची-आमची मालवणी. समोरचा भटजी शुद्ध भाषेत बोलतो, हा त्याच्या एकेका शब्दाचा मालवणी भुगा करतो. विजोड जोडी! दर वर्षी तोच संकासुर, दर वर्षी विष्णूच्या हातून त्याचा वध, आणि दर वर्षी आजा नातवाला मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत. कुणीही म्हणत नाही की गेल्या वर्षी बघितला, आता कशाला. आजा काय बघायला आलेला असतो? संकासुराचं काय होणार हे त्याला पाठ आहे. आज हा काय बोलेल, आणि समोरचा ते कसं झेलेल, हे बघायला तो जागा राहतो. आणि नटांना हे माहीत असतं की समोरच्याला गेल्या वर्षीचं आठवतंय. त्या आठवणीवरच ते आजचा विनोद बांधतात.

दुसरा भाग धंद्यासाठी काढतात, हा आक्षेप मला म्हणूनच फार मोठा वाटत नाही. दशावतारी कंपनीसुद्धा बिदागी घेऊनच उभी राहते. बिदागी घेतल्यावर रात्रभर काय करता, ते महत्त्वाचं.

आता मी ज्या सिनेमासाठी हा विषय घेतला त्याच्याकडे येतो. आमच्या वाडीत चवथीला व्हिडिओ आणायचे. वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने, एका रात्रीत तीन सिनेमे, पहाटेपर्यंत. कॅसेट मुंबईहून आलेला चाकरमानी घेऊन यायचा. माझ्या काकांना इंग्रजी मारामारीचे सिनेमे आवडायचे, म्हणून तिनातला एक हमखास इंग्रजी. पडवीत टीव्ही, आत गणपतीसमोर निरांजन, बाहेर धो धो पाऊस. एका चवथीला काकांनी जो सिनेमा आणला त्याचं नाव मला पुढे कळलं: 'लीथल वेपन', १९८७ चा, रिचर्ड डॉनर यांनी दिग्दर्शित केलेला, शेन ब्लॅक यांनी लिहिलेला. पुढच्या चवथीला त्याचाच दुसरा भाग आला, १९८९ चा.

पहिल्यात मेल गिब्सन म्हणजे रिग्ज. बायको गेलेली, जगण्याची इच्छा संपलेली. स्वतःसाठी एक गोळी वेगळी जपून ठेवलेला पोलीस. आणि डॅनी ग्लोव्हर म्हणजे मर्टॉ. नुकतीच पन्नाशी गाठलेला, बायको, मुलं, घर असलेला, सांभाळून चालणारा. एकाला मरायचंय, दुसऱ्याला निवृत्तीपर्यंत जगायचंय, आणि गाडी एकच. शेवटी नाताळच्या रात्री रिग्ज ती जपलेली गोळी मर्टॉसाठी भेट म्हणून आणतो. आता तिची गरज उरलेली नाही.

आमच्या पडवीत इंग्रजी कळणारं काकांखेरीज कुणी नव्हतं. माझी आजी तर भिंतीला टेकून, वाती वळत बसलेली. पण दुसऱ्या वर्षी गिब्सन दिसताच तिने हात थांबवला आणि विचारलं, 'ह्यो गेल्या वर्षीचो वेडोच मा?' मग मर्टॉ दिसला तेव्हा म्हणाली, 'म्हातारो पण इलो!' आपलीच माणसं मुंबईहून उतरल्यासारखा तिचा आवाज झाला होता. दुसऱ्या भागाची ही पहिली ताकद आहे, आणि ती कुठल्याही स्फोटाआधी काम करते. ओळख.

मग त्या सिनेमातला तो प्रसंग, ज्याला मी या सबंध जातीतला सर्वात चांगला प्रसंग मानतो. मर्टॉ घरी शौचालयात बसलेला असताना त्याला कळतं की भांड्याखाली बॉम्ब लावला आहे. उठला की फुटणार. तासन्‌तास तो तिथेच अडकतो, पाय बधिर झालेत. बाहेर पोलिसांची फौज. बॉम्ब निकामी करणारे द्रव नायट्रोजनने यंत्रणा गोठवतात, पण त्याने मिळणार निमिषभराचा अवधी. तेवढ्यात मर्टॉला शेजारच्या लोखंडी टबात घ्यायला हवं, आणि त्याचे पाय त्याला साथ देणार नाहीत. रिग्ज सगळ्यांना बाहेर पाठवतो आणि स्वतः थांबतो. काही मोठं बोलत नाही. चेष्टा करतो, मग हात धरतो, आणि ओढतो.

बारकाईने बघा, या प्रसंगात पाठलाग नाही, गोळीबार नाही, कुणी शत्रू समोर नाही. ॲक्शनपटाच्या मधोमध एक माणूस अत्यंत लाजिरवाण्या जागी बसला आहे आणि दुसरा त्याच्याजवळ थांबला आहे. हा प्रसंग पहिल्या भागात टाकता आला असता का? माझ्या मते नाही. पहिल्या भागात रिग्ज थांबला असता तर आपण म्हटलं असतं, याला काय, याला मरायचंच आहे. दुसऱ्या भागात त्याला जगायचं आहे, आणि तरी तो थांबतो. पहिल्या भागात जे वेड होतं त्याचं दुसऱ्या भागात प्रेम झालं आहे, कृती मात्र तीच. आमच्या पडवीत त्या वेळी कुणी हसत होतं, कुणी श्वास धरून. आजी म्हणाली, 'तो जाऊचो नाय सोडून.' तिला भाषा कळत नव्हती, बॉम्बची यंत्रणा कळत नव्हती. गेल्या वर्षीची ती गोळी तिला आठवत होती.

या मालिकेत दोघांचं एक गमतीचं भांडण पुन्हा पुन्हा येतं: उडी मारायची ती 'तीन' म्हणताना, की 'तीन' म्हणून झाल्यावर? मला ते ऐकलं की आमची डबल बेल आठवते. दोन माणसांना एका क्षणी एकच गोष्ट करायची असेल तर आधी घंटीचा अर्थ ठरवावा लागतो. यांची घंटी ठरतच नाही, आणि तरी उडी एकदम पडते.

आणखी एक गोष्ट. पहिल्या भागात मर्टॉ काळा आहे आणि रिग्ज गोरा, याचा फारसा उच्चार होत नाही. दुसऱ्या भागात खलनायक आहेत दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीतले अधिकारी, वर्णभेदी राजवटीचे, आणि राजनैतिक संरक्षणाच्या आड लपून गुन्हे करणारे. १९८९ साली नेल्सन मंडेला अजून तुरुंगात होते. ते सुटले फेब्रुवारी १९९० मध्ये. म्हणजे जो फरक पहिल्या भागाने नुसता समोर ठेवला होता, त्याला दुसऱ्या भागाने वजन दिलं. जोडी तीच, फरकही तोच, पण नवा खलनायक आल्यामुळे तो फरक नव्याने जिवंत झाला. चांगल्या दुसऱ्या भागाचा खलनायक असा असतो. नुसती जास्त माणसं आणि जास्त बंदुका घेऊन आलेल्याचं नाव सिनेमा संपताच विसरायला होतं.

फरक नवा करण्याच्या आणखीही वाटा आहेत. 'रश अवर' १९९८ चा. हाँगकाँगचा पोलीस ली, म्हणजे जॅकी चॅन, लॉस एंजेलिसमध्ये येतो आणि तिथला वाचाळ कार्टर, म्हणजे क्रिस टकर, त्याच्या गळ्यात पडतो. परका कोण, तर ली. २००१ च्या दुसऱ्या भागात सिनेमा सुरू होतो हाँगकाँगमध्ये, आणि आता परका कार्टर आहे. एवढ्या एका फिरवण्याने जुनं भांडण ताजं होतं. सून माहेरी आणि जावई सासरी यांत जो फरक आहे, तसंच काहीसं.

'टर्मिनेटर'चं उदाहरण तर आणखी धाडसी. १९८४ च्या पहिल्या भागात श्वार्झनेगर हे भविष्यातून आलेलं मारेकरी यंत्र. १९९१ च्या दुसऱ्या भागात जेम्स कॅमेरून यांनी तोच चेहरा, तसंच यंत्र एका मुलाच्या रक्षणाला पाठवलं. पहिल्या भागातला कर्दनकाळ दुसऱ्या भागात जोडीदार! मुलगा त्याला बजावतो, माणसं मारायची नाहीत, आणि ते यंत्र पायांवर गोळ्या झाडू लागतं. मारायचं नाही म्हटल्यावर ॲक्शनची सगळी रचनाच बदलावी लागते. प्रत्येक मारामारीत मुलाचा शब्द हजर असतो. शेवटी ते यंत्र वितळलेल्या लोखंडात उतरतं तेव्हा आपल्याला रडू येतं, आणि पहिल्या भागात त्याच चेहऱ्याला आपण घाबरलेलो असतो. ज्याने पहिला भाग बघितला नाही त्याला ते रडू थोडं कमीच येणार.

कधी जोडी पहिल्या भागात नसतेही. 'डाय हार्ड'मध्ये, १९८८ साली, ब्रूस विलिस एका इमारतीत एकटा लढतो. १९९० साली विमानतळावर, तेव्हाही तो मुळात एकटाच. १९९५ च्या तिसऱ्या भागात त्याला हार्लेममधला एक दुकानदार, सॅम्युएल जॅक्सन, जोडीला दिला, आणि मालिकेला नवं रक्त मिळालं. त्यात दोघांसमोर कोडं येतं: एक तीन गॅलनचं भांडं, एक पाच गॅलनचं, आणि वजनाने चालणाऱ्या बॉम्बवर नेमकं चार गॅलन पाणी ठेवायचं. घड्याळ चालू. दोघं कारंज्याजवळ उभे राहून एकमेकांवर खेकसत पाणी ओततात. एकटा असता तर तो हे मनातल्या मनात सोडवत बसला असता आणि आपण त्याच्या कपाळाकडे बघत राहिलो असतो. दोघं असले की विचार ऐकू येतो. थरारपटाला जोडीदार लागतो त्याचं हे अगदी साधं, कारागिरीचं कारण.

आपल्याकडे? 'धूम'मध्ये, २००४ साली, शिस्तीचा पोलीस जय आणि गॅरेजवाला अली, ही जोडी मुळात छान होती. दुसऱ्या भागात अली पोलिसातच दाखल झाला. मला ती चूक वाटते. फरकच पुसला, मग उरला एक मोठा नायक आणि एक विनोदी सहायक, आणि लोकांचं लक्ष आपसूक चोराकडे गेलं. मराठीत महेश कोठारे आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची जोडी मला या संदर्भात फार मोलाची वाटते. 'झपाटलेला'त, १९९३ साली, एकीकडे इन्स्पेक्टर महेश, ताठ, कडक इस्त्रीचा. दुसरीकडे बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा भित्रा लक्ष्या. सिनेमागणिक गोष्ट वेगळी असायची, पण आम्ही एकेक सिनेमा त्या दोघांचा पुढचा भाग असल्यासारखाच बघत होतो. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले. 'झपाटलेला'चा दुसरा भाग २०१३ साली आला, त्रिमिती तंत्राने. थिएटरात पडद्यावरून वस्तू अंगावर येत होत्या, मुलं किंचाळत होती, आणि मी बराच वेळ एका रिकाम्या जागेकडे बघत होतो. तो त्या सिनेमाचा दोष होता असं मी म्हणणार नाही. जोडी किती खोल रुतलेली असते, ते मला त्या दिवशी कळलं.

आता चवथीच्या त्या रात्रीचं राहिलेलं सांगतो. सिनेमा संपत आला होता. गोदीवरच्या मारामारीत रिग्जला पाठोपाठ गोळ्या लागल्या, तो कोसळला, मर्टॉने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आणि वीज गेली. पावसात तारेवर फांदी पडली होती. पडवीत अंधार, आत देवापुढचं निरांजन तेवढं. तीसेक माणसं एकदम बोलायला लागली. वेडा मेला, की वाचला? काका म्हणाले, मेला. इतक्या गोळ्या लागल्यावर कोण वाचतं? पोरं म्हणाली, वाचला. हिरो आहे, मरेल कसा?

मी पुढे वाचलं की शेन ब्लॅक यांनी दुसऱ्या भागाचा जो पहिला खर्डा लिहिला होता त्यात रिग्ज खरोखरच मरत होता. स्टुडिओला ते मान्य झालं नाही, आणि अखेरची पटकथा दुसऱ्या लेखकाने लिहिली. काका अगदीच चुकीचं बोलत नव्हते म्हणायचे. त्या खर्ड्यामागचा विचारही मी समजू शकतो. मरायला निघालेल्या माणसाची गोष्ट त्याच्या मरणाने पुरी करावी, असं लेखकाला वाटणं साहजिक आहे. पण मला वाटतं, पहिल्या भागातली ती भेट दिलेली गोळी त्या मरणाने उलटी चालवली असती.

अंधारात आजीने फक्त एकदा तोंड उघडलं. 'तो मरूचो नाय,' ती म्हणाली. 'मेलो तर म्हाताऱ्याक कोण बघतलो?'

पहाटे वीज आली. व्हीसीआर परत न्यायला माणूस येण्याआधी आम्ही पोरांनी धावत जाऊन उरलेली पाच मिनिटं लावली. आजीला हाक मारली, तर ती परसात फुलं काढत होती. म्हणाली, तुम्ही बघा.